शेवटचा परिच्छेद

बातमी कापायची ती खालून, हे मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शिकवलं गेलं. महत्त्वाचं सगळं वर, बिनमहत्त्वाचं खाली. पान लावताना जागा कमी पडली की शेवटचा परिच्छेद उडवायचा. तो वाचायचीसुद्धा गरज नाही. पुण्यातल्या एका दैनिकात एकतीस वर्षं मी उपसंपादक होते. ही कात्री इतक्या वेळा चालवली की पुढेपुढे डोळ्यांच्या आधी हात पोचायचा.

हवामानाची बातमी डेस्कवर कुणालाच नको असायची. जो सगळ्यात नवा, त्याच्या गळ्यात. 'कोकणात बऱ्याच ठिकाणी, मध्य महाराष्ट्रात काही ठिकाणी, तर मराठवाड्यात तुरळक ठिकाणी पाऊस पडेल' हे वाक्य मी किती वेळा लिहिलं असेल याचा हिशेब नाही. एकदा एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं. पुणेकराचं पोस्टकार्ड, त्यामुळे वर नमस्कार नव्हता. 'तुरळक ठिकाणी म्हणजे नक्की कुठे? माझ्याकडे की शेजाऱ्याकडे?' एवढाच मजकूर.

मी सिमला ऑफिसात, म्हणजे पुण्याच्या वेधशाळेत, फोन लावला. पलीकडच्या गृहस्थांनी न चिडता समजावून सांगितलं. विभागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी पाव किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर 'तुरळक', पाव ते निम्म्यांवर असेल तर 'काही ठिकाणी', निम्म्याच्या पुढे पाऊण हिश्शापर्यंत 'बऱ्याच ठिकाणी'. 'मुसळधार' म्हणजेसुद्धा २४ तासांत किमान ६४.५ मिलिमीटर. मी उडालेच. मी ज्यांना अंदाजपंचे समजत होते ते शब्द मोजूनमापून ठेवलेले होते. फक्त माप त्यांच्याकडे होतं आणि शब्द आमच्याकडे.

सिमला ऑफिस हा पुण्यातला बसथांबा आहे, हे सगळ्यांना ठाऊक. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला हे नाव का, हे विचारलं तर दहांतले आठ जण घड्याळाच्या मनोऱ्याकडे बघत बसतील. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आलं, आणि चाळीसच्या दशकात दिल्लीला गेलं तेव्हा नाव मागे ठेवून गेलं. खातं स्थापन झालं १८७५ मध्ये, आणि त्यामागे होतं १८६४ चं कलकत्त्याचं वादळ, ज्यात हजारो माणसं बुडाली. 'सायक्लोन' हा शब्दही कलकत्त्यातच जन्मला. हेन्री पिडिंग्टन नावाच्या माणसाने सापाच्या वेटोळ्याच्या ग्रीक शब्दावरून तो केला. गंमत म्हणजे, मातला नदीच्या काठी नवं बंदर बांधू नका, समुद्र आत येईल, असं याच पिडिंग्टनने १८५३ मध्ये लॉर्ड डलहौसीला लिहून कळवलं होतं. बंदर बांधलं. १८६७ च्या वादळात ते गेलं. अंदाज बरोबर, इशारा वाया, याची आपल्याकडची ही बहुधा पहिली नोंद.

आता २०२०. जूनची २ तारीख, टाळेबंदी, आणि मी निवृत्त होऊन घरात. माझी मावशी आणि काका दिवेआगरला असतात. माडापोफळीची वाडी, कौलारू घर, मागे गोठा. अरबी समुद्रात वादळ तयार झालेलं आणि त्याचं नाव 'निसर्ग'. नाव बांगलादेशने दिलेलं. उत्तर हिंदी महासागराच्या काठावरचे तेरा देश नावं सुचवतात, आणि नव्या यादीतलं पहिलंच नाव महाराष्ट्राच्या वाट्याला आलं तेही अस्सल मराठी वाटावं असं. 'निसर्ग येतोय' असं फोनवर सांगितलं की मावशी म्हणायची, "येऊ दे की, इथे दुसरं काय आहे?"

मी काकांना आकडा दिला. ताशी शंभर ते एकशेदहा किलोमीटर, झोतात एकशेवीस.

"म्हणजे किती?" काका.

"काका, एकशेवीस म्हणजे खूपच."

"अगो, एसटी साठने जाते, तिच्या दुप्पट, इतकं मला कळतं. पण एसटी रस्त्याने जाते. हा वारा माझ्या वाडीत शिरून काय करणार, ते सांग."

मावशी मागून बोलत होती. दरवर्षीच सांगतात. आदल्या वर्षी क्यार म्हणून काहीतरी आलेलं, ते ओमानकडे निघून गेलं. २००९ चं फयान तिच्या लक्षात होतं, पण त्याचा फटका समुद्रावर गेलेल्या कोळ्यांना बसला होता, वाडीला नव्हे. आणि टीव्ही लावला तर सगळे वार्ताहर गेट वे आणि मरीन ड्राइव्हवर रेनकोट घालून उभे. "ते सगळे मुंबईत आहेत म्हणजे तिकडेच जाणार ना?" काकांचा युक्तिवाद बिनतोड होता. हवामान खातं हरिहरेश्वर ते दमण असा लांबलचक पट्टा सांगत होतं, अलिबागच्या जवळपास असंही म्हणत होतं. दिवेआगर त्या पट्ट्यात होतं, पण मथळ्यात नव्हतं. मथळे कोण लिहितं हे मला चांगलंच माहीत आहे.

मग मी खात्याचं मूळ बुलेटिन उघडलं. सवयीने वरून वाचत गेले. अक्षांश, रेखांश, केंद्रातला दाब, गेल्या सहा तासांतली वाटचाल, लाटांची उंची. आणि सगळ्यात शेवटी, जिथे माझी कात्री चालायची तिथे, एक परिच्छेद: कोणतं नुकसान अपेक्षित आहे आणि काय करावं. कच्च्या घरांचं मोठं नुकसान, छपरं उडण्याची शक्यता. न बांधलेले पत्रे उडतील. विजेच्या आणि फोनच्या तारा तुटतील. झाडांच्या फांद्या मोडतील, झाडं उन्मळतील. किनाऱ्यावरच्या पिकांचं नुकसान. लोकांनी घरातच, सुरक्षित जागी राहावं.

नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत हा परिच्छेद प्रत्येक वादळाच्या बुलेटिनसोबत माझ्या टेबलावर येत होता. मी अक्षांश-रेखांश छापले, दाब छापला, आणि हा परिच्छेद दर वेळी कापला.

फोनवर मी तो काकांना वाचून दाखवला, मनातल्या मनात मराठी करत. 'न बांधलेले पत्रे' म्हटल्याबरोबर काकांनी मला थांबवलं. "गोठ्याचे पत्रे नुसते दगड ठेवून आहेत." मग कुणाशी तरी बोलले, मग परत फोनवर आले. "आणि कौलं?" मी म्हटलं, छपरं उडतील असं लिहिलंय. ते काही क्षण गप्प होते. संध्याकाळी गावात रिक्षा फिरली, वर कर्णा लावलेली. तिच्यावरून बोलणारा आवाज मावशीच्या ओळखीचा होता, हे मावशीने मला तीनदा सांगितलं. माझ्या एकशेवीसच्या आकड्यापेक्षा त्या आवाजाने जास्त काम केलं असावं. ३ जूनच्या सकाळी गायीचं दावं सोडून दोघं शेजारच्या स्लॅबच्या घरात जाऊन बसली.

दुपारी साडेबारा ते अडीचच्या सुमारास वादळाने तिथेच, श्रीवर्धनच्या पट्ट्यात, किनारा ओलांडला. मुंबई थोडक्यात सुटली. पुण्यात आमच्या गल्लीतला गुलमोहर आडवा झाला. आणि दिवेआगरचे फोन बंद पडले.

कोकणात बंदरावर बावटा लावतात. 'तीन नंबरचा बावटा लागला' हे वाक्य किनाऱ्यावर सगळ्यांना समजतं. हे आकडे एकापासून अकरापर्यंत असतात. एक-दोन म्हणजे वादळ लांब समुद्रात. आठ, नऊ, दहा म्हणजे महासंकट. आणि अकरा? मला वाटायचं, दहापेक्षाही भयंकर काहीतरी असणार. अकरा नंबरचा अर्थ असा की वेधशाळेशी संपर्क तुटला आहे, आता बंदरावरच्या माणसाने आपल्या अकलेने ठरवावं. ज्याने कुणी शंभरावर वर्षांपूर्वी ही यादी केली त्याला माणसं कळत होती. सगळ्यात वरच्या पायरीवर त्याने वारा ठेवला नाही, शांतता ठेवली.

आमच्या घरात चार दिवस अकरावा बावटा होता. पाचव्या दिवशी काकांनी टेकडीवर चढून, जिथे रेंज येते तिथून फोन केला. दोघं बरी, गाय बरी. कौलं गेली. गोठा माडाखाली. वाडीतल्या पोफळी काडेपेटीतल्या काड्या सांडाव्यात तशा पडलेल्या. श्रीवर्धनी रोठा ही सुपारी ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, पोफळ लावल्यापासून हातात सुपारी यायला सात-आठ वर्षं जातात. काका तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. त्यांनी हा हिशेब मला करून दाखवला नाही, मीच केला.

तेव्हापासून मला वादळांबद्दल वाचायचं व्यसन लागलं. आणि वाचता वाचता लक्षात आलं, काकांचा युक्तिवाद फ्लोरिडातही चालतो.

अमेरिकेचं राष्ट्रीय हरिकेन केंद्र नकाशावर एक शंकू काढतं. वादळ आत्ता जिथे आहे तिथे टोक, आणि पुढच्या पाच दिवसांकडे जाताना तो रुंद होत जातो. या शंकूची रुंदी कशी ठरते? मागच्या पाच वर्षांत त्यांचे अंदाज किती चुकले ते बघायचं, आणि त्यांतल्या दोन तृतीयांश चुका आत मावतील एवढी वर्तुळं काढायची. म्हणजे तो शंकू वादळाचा आकार दाखवत नाही, पाणी कुठवर येईल ते दाखवत नाही. अंदाज करणाऱ्यांनी आपल्याच चुकांचा काढलेला तो नकाशा आहे. (आमच्या डेस्कवर असा नकाशा भिंतीवर लावायची कल्पना मला फार आवडली असती.) तीनांतून एकदा वादळाचा मध्य शंकूच्या बाहेरही जाऊ शकतो. पण बघणारा बघतो ते एकच: माझं गाव आत आहे की बाहेर?

२००४ च्या ऑगस्टमध्ये चार्ली नावाचं वादळ टँपाकडे निघालेलं, निदान नकाशाच्या मधल्या काळ्या रेघेवरून तसं वाटत होतं. ते आधीच उजवीकडे वळलं आणि पुंटा गोर्डावर आदळलं. पुंटा गोर्डा इशाऱ्याच्या पट्ट्यात आधीपासून होतं. लोक रेघ बघत होते. अठरा वर्षांनी, २०२२ च्या सप्टेंबरमध्ये, इयनच्या वेळी फोर्ट मायर्स शंकूच्या कडेला होतं. तिथल्या ली काउंटीने लोकांना हलवण्याचा आदेश आदल्या दिवशी सकाळी दिला. समुद्र दहा-पंधरा फूट उंच होऊन आत आला. इयनने दीडशेच्या आसपास बळी घेतले, आणि थेट वादळात गेलेल्यांपैकी बरेच जण वाऱ्याने नव्हे, पाण्याने गेले. त्यांची एक ते पाच ही प्रसिद्ध श्रेणी फक्त वाऱ्याची आहे. पाण्यासाठी वेगळा इशारा त्यांनी सुरू केला तोच मुळी २०१७ साली.

आता यात अंदाज करणाऱ्यांना बोल लावायला जागा कमी आहे. वाट ओळखण्यात गेल्या तीस-चाळीस वर्षांत त्यांनी मारलेली मजल अफाट आहे. आज तीन दिवस आधीचा अंदाज पूर्वीच्या एका दिवसाच्या अंदाजाशी स्पर्धा करतो. अडतं ते जोर ओळखण्यात. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ओटिस आदल्या दिवशी साधं वादळ होतं, आणि मध्यरात्री मेक्सिकोतल्या अकापुल्कोवर आलं तेव्हा पाचव्या श्रेणीचं. शहर झोपायला गेलं होतं. आपला अरबी समुद्र तापतोय, तिथली वादळं वाढली आहेत, हे आपल्याच पाषाण रस्त्यावरच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलंय. त्याच संस्थेत २०१८ साली 'प्रत्यूष' हा महासंगणक आला, आणि २०२४ मध्ये त्याच्याहून मोठा 'अर्क'. अर्कच्या लोकार्पणाच्या दिवशी पंतप्रधानांचा पुणे दौरा पावसामुळे रद्द झाला आणि सोहळा दूरूनच उरकावा लागला. पुणेकरांनी यावर काय विनोद केले ते इथे लिहीत नाही.

मला मात्र या सगळ्या वाचनात एक माणूस भेटला, ज्याच्याशी डेस्कवर बसून चहा प्यायला आवडलं असतं. रॉबर्ट रिक्स, न्यू ऑर्लिन्सजवळच्या स्लायडेल इथल्या हवामान कार्यालयात काम करणारा. २८ ऑगस्ट २००५, कतरिना एका दिवसावर. त्यांच्याकडे आधीच तयार करून ठेवलेल्या वाक्यांचा एक साचा होता: इतक्या जोराचं वादळ आलं तर काय काय होईल. रिक्सने ती वाक्यं घेतली आणि कात्री घेऊन बसला. यातलं कुठलं कापता येईल? एकेक ओळ वाचत गेला. अर्धीअधिक पक्की घरं छप्पर-भिंतींसह जातील. बहुतेक भाग कित्येक आठवडे राहण्याजोगा उरणार नाही. पाण्याच्या टंचाईने माणसांचे जे हाल होतील ते आजच्या काळात खरे वाटणार नाहीत. त्याला कापण्याजोगी एकही ओळ सापडली नाही. सगळं तसंच्या तसं पाठवून दिलं. वृत्तवाहिनीवाल्यांना आधी वाटलं, कुणीतरी खोडसाळपणा केला की काय. त्या बुलेटिनमुळे बरेच लोक शहर सोडून गेले असं नंतर अनेकांनी म्हटलं. ज्यांच्याकडे गाडी नव्हती ते कुठे जाणार होते, हा प्रश्न बुलेटिनच्या बाहेरचा होता आणि तो तसाच राहिला.

तो प्रश्न ज्यांनी आत घेतला ते आपल्या जवळचेच. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं गेली. २०१३ मध्ये फायलीन आलं तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोक आधी हलवले आणि मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. बांगलादेशने १९७० च्या भीषण वादळानंतर गावागावांत स्वयंसेवक उभे केले, हातात कर्णा आणि बावटा घेऊन दारोदार जाणारे. रिक्षावरचा ओळखीचा आवाज, हीच ती गोष्ट. आपल्याकडे २०२३ च्या पावसाळ्यात सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले, आठवतंय? सरकारच्या नव्या इशारायंत्रणेची चाचणी होती. माझ्या आयुष्यात थेट माझ्या हातात आलेला तो पहिला इशारा, आणि त्यात लिहिलं होतं, याकडे दुर्लक्ष करा.

पुण्याला समुद्र नाही. पुण्याला क्युसेक आहे.

पावसाळ्यात इथे प्रत्येक जण क्युसेकमध्ये बोलतो. दहा हजार सोडलं, पंचवीस सोडलं. सेकंदाला एक घनफूट म्हणजे एक क्युसेक, हे सांगता येणारे बरेच भेटतील. पंचवीस हजार म्हणजे माझ्या जिन्याची कितवी पायरी, हे कुणी सांगत नाही. त्यापेक्षा भिडे पूल बरा. तो पाण्याखाली गेला हे ऐकलं की सगळं शहर एका क्षणात समजतं, नदीपात्रातली गाडी काढा. माझी आजी नारायण पेठेत राहायची. पानशेत फुटलं त्या १२ जुलै १९६१ ला सकाळी तिला कुणा खात्याने काही कळवलं नव्हतं. गल्लीतून एक मुलगा 'पाणी आलं' म्हणून ओरडत पळाला, तेवढ्यावर ती दोन पोरं काखोटीला मारून निघाली. रात्रभर जवानांनी धरणावर वाळूची पोती रचली नसती तर ते अंधारातच फुटलं असतं. पुढे वाड्याच्या भिंतीवर पाण्याची रेघ राहिली होती, माझ्या डोक्याच्या वर. आजी दिवाळीच्या रंगाला माणूस आला की त्याला सांगायची, ती रेघ सोडून रंगव.

मी आता सिंहगड रस्त्याच्या नदीकडच्या अंगाला राहते. २५ जुलै २०२४ ला पहाटे धरणातून पस्तीस हजार क्युसेकच्या घरात पाणी सुटलं आणि आम्हाला ते पार्किंगमध्ये तरंगणाऱ्या दुधाच्या पिशव्यांवरून कळलं. निरोप कुणाकडून कुणाकडे जायला हवा होता आणि कुठे अडला, यावर नंतर बरंच ऐकायला मिळालं. मी ते सोडून दिलं. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी पुन्हा पाणी सोडणार अशी बातमी आली तेव्हा ठरवलं की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी स्वतः लिहीन. जन्मभर दुसऱ्यांची कापली, निदान एक तरी नीट लिहू.

आकडा टाकलाच नाही. 'मागच्या वेळी पाणी पार्किंगच्या दुसऱ्या पायरीपर्यंत आलं होतं. आज तेवढं येऊ शकतं. आठच्या आत गाड्या वरच्या रस्त्यावर लावा. मीटरच्या खोलीजवळ जाऊ नका. तळमजल्यावरच्यांनी माझ्याकडे जेवायला यावं.' अर्धा तास घासूनपुसून पाठवला. पटापट अंगठे आले, हात जोडलेले आले, एकाने गुलाबाचं फूल पाठवलं. मी समाधानाने चहा टाकला, आणि आधण येता येता लक्षात आलं की तळमजल्यावर एकच कुटुंब राहतं, वॉचमनचं, आणि ते ग्रुपमध्ये नाही. सोसायटीने घेतलेलंच नाही.

छत्री घेऊन खाली गेले. खोलीचं दार उघडंच होतं. गॅसची टाकी टेबलावर, गाद्या कपाटावर, धान्याचा डबा खिडकीत. वॉचमनची बायको पोरीच्या वह्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधत होती. तिला कसं कळलं विचारलं तर म्हणाली, "मघाशी मोरीतनं उलटं पाणी यायला लागलं ना, ताई." मग पदराला हात पुसत तिने विचारलं, "वर किती येईल?"

मी म्हटलं, दुसरी पायरी.

"मागच्या वेळेला तिसरीला लागलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही नऊला उतरलात, तवर ओसरलं होतं."

तिच्या पोरीने दप्तरातून खडू काढला. आम्ही तिघी जिन्यात गेलो. तिसऱ्या पायरीवर, भिंतीला लागून, तिने दाखवलं तिथे मी रेघ मारली. पोरीने शेजारी तारीख लिहिली, २५ जुलैची. मग आजच्या रेघेसाठी खडू हातात धरून ती पायरीवर बसून राहिली, आणि मी वर जाऊन मेसेज दुरुस्त केला.